मामाच्या गाडीचे इंजिन आणि माझी जमाखर्चाची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहिलेला पाहून आमच्या संपादक मंडळाच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. सुटीवरचा लेख म्हटला की निसर्गवर्णन, आजीच्या हातचे जेवण आणि शेवटी निरोपाचे दोन अश्रू, असा आपल्या अंकाचा रिवाज आहे. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतले सहा आठवडे मी बऱ्हाणपूरच्या एका गॅरेजात, तेलकट बाकावर वही घेऊन काढले. पुस्तकात तीन वर्षे वाचूनही न उमगलेले 'भांडवली खर्च' आणि 'महसुली खर्च' हे दोन शब्द मला तिथे समजले. म्हणून हा लेख वाणिज्याचाच आहे असे मानून घ्यावे.

बऱ्हाणपूर हे माझे आजोळ. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ गाठायचे आणि तिथून गाडी बदलून तापीकाठच्या या गावी उतरायचे. गाव मध्य प्रदेशात असले तरी महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि केळीच्या बागेत खानदेशी अशा तिन्ही बोली एकाच दिवसात कानी पडतात. घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढलेल्या माझ्यासारखीला त्यात काही नवल वाटत नाही. मुमताज महल १६३१ साली याच गावात वारली, हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. दुसऱ्या दिवसापासून मात्र केळीचा भाव आणि यंत्रमागांची खडखड यांखेरीज दुसरा विषय नसतो.

मामाचा धंदा भाड्याच्या गाडीचा. सात माणसांची, उंच चाकांची, टर्बो डिझेल इंजिनाची एकच गाडी. ओंकारेश्वर, इंदूर, शेगाव, कधी केळीच्या व्यापाऱ्यांना घेऊन रावेर असे तिचे फेरे चालतात. गाडीच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. कित्येक महिने ती काळा धूर टाकत होती. पुढे धूर निळा झाला, आणि एप्रिलच्या अखेरीस ओंकारेश्वरहून परतताना अशीरगडच्या चढावर तिने दम सोडला. मी पोचले तेव्हा इंजिन गाडीतून बाहेर निघाले होते आणि मामाच्या चेहऱ्यावरचे हसूही त्याच्याबरोबर निघाले होते.

आता ज्यांना टर्बो म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. मलाही ते तिथेच कळले. इंजिनाला डिझेल लागते हे आपण पंपावर पैसे मोजतो म्हणून जाणतो. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशोब कोणी ठेवत नाही. पण एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलो हवा लागते. एका लिटरच्या मानाने पाहिले तर ही हवा सुमारे दहा घनमीटर भरते, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या खोलीचा तिसरा हिस्सा तरी असेल. इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढील तेवढेच डिझेल ते जाळू शकते. म्हणून अधिक ताकद हवी असेल तर हवा दाबून आत भरायची. त्यासाठी वेगळी शक्ती खर्च करायची नाही, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूनेच एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबायची. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याची. त्याने पेटंट घेतले १९०५ साली. पण तिला मोठे यश मिळायला वीस वर्षे जावी लागली. १९२५च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची ताकद या योगे १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली. मधल्या काळात, १९१८ साली, सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने असले यंत्र कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन, विरळ हवेतही विमानाचे इंजिन दम धरते हे दाखवून दिले होते. इतक्या मोठमोठ्यांचा इतिहास असलेली ही वस्तू उस्तादांच्या बाकावर ठेवलेली मी पाहिली तेव्हा ती मोठ्या शंखाएवढी होती. तिचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत राहतो. तो थर तुटला की सारे संपते.

मामाच्या गाडीत नेमके तेच झाले होते. तेल बदलायची वेळ टळत गेली. चढ चढून आल्यावर मिनिटभर इंजिन मंद चालवून मग बंद करावे, हा नियम भाड्याच्या घाईत पाळला गेला नाही. तापलेल्या दांड्यावर तेल जळून त्याचा कोळसा झाला. उस्तादांनी तो दांडा दोन बोटांत धरून हलवला, तर तो सैल दातासारखा हलला.

उस्ताद म्हणजे गॅरेजचे मालक. साठीचे, कमी बोलणारे. मला ते "बेटी" म्हणत आणि मामाला "भाऊ". त्यांनी इंजिन उघडले तेव्हा मी बाकावर बसून एकेक भागाचे नाव लिहून घेत होते. क्रँकच्या दांड्यावर ओरखडे होते, लायनरच्या वरच्या कडेला नख अडकेल असा उंचवटा होता, रिंगा झिजून चाकूच्या धारेसारख्या झाल्या होत्या. बेळगावात आमच्या उद्यमबागेत इंजिनांचे ब्लॉक ओततात, तिथले ओतकाम मी शाळेच्या सहलीत पाहिले होते. पण ओतलेला ब्लॉक आणि लाखो किलोमीटर राबलेला ब्लॉक यांत नवरदेव आणि आजोबा यांच्याइतका फरक असतो.

उस्तादांनी अंदाज सांगितला आणि मी तो वहीत मांडला. ब्लॉक व क्रँकचे मशीनकाम १८,०००, पिस्टन, रिंगा, लायनर ३२,०००, बेअरिंग, गॅस्केट, सील, ऑइल पंप २१,०००, हेडचे काम १२,०००, टर्बोची नवी कार्ट्रिज २२,०००, इंजेक्टरची दुरुस्ती १६,०००, तेल, फिल्टर, कूलंट ९,०००, मजुरी २५,०००. एकूण १,५५,०००. मामाजवळ शिल्लक होती पंधरा हजारांची. त्या रात्री मामीने कपाटातून पाटल्या काढून दिल्या. काही बोलली नाही. पाटल्यांवर दीड लाखाचे कर्ज मिळाले. व्याज शेकडा बारा, महिना ७,०६१ रुपयांचे चोवीस हप्ते.

इथवर सारे सरळ होते. गुंता झाला तो दादामुळे.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून तो उस्तादांच्याच हाताखाली काम करीत होता. त्याचे म्हणणे असे, की इंजिन नाही तरी उघडलेच आहे, तर ते होते तसेच परत का बांधायचे? मोठा टर्बो बसवू, मोठा इंटरकूलर टाकू, क्लच भक्कम घेऊ आणि इंजिनाच्या संगणकात नवा नकाशा भरू. एकशेवीसची गाडी एकशेसाठ अश्वशक्ती देईल. जुन्या कार्ट्रिजचे पैसे वजा जाता वरचा खर्च एक लाख दहा हजार.

"अप्पा, ही गाडी मग अशीरगडचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढेल," तो म्हणाला.

"चौथ्या गिअरचं भाडं वेगळं मिळतं का रे?" मामाने विचारले.

दादा निरुत्तर झाला नाही. त्याच्याजवळ दाखले होते. नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली पहिली स्कॉर्पिओ बाहेर पडली तेव्हा तिच्या २.६ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची ताकद सुमारे १०९ अश्वशक्ती होती. वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, चाकणला बनलेली स्कॉर्पिओ-एन आली तिचे डिझेल इंजिन त्याहून लहान, २.२ लिटरचे, आणि ताकद १७५ पर्यंत. शिवाय तेच २.२ लिटरचे इंजिन स्वस्त प्रकारांत १३२ चे म्हणून विकले गेले. "एकाच मापाच्या इंजिनात दोन ताकदी! म्हणजे ताकद लोखंडात नसते, हवेत आणि हिशोबात असते," असे तो म्हणे. हिशोब हा शब्द ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. अशा रीतीने वाणिज्य शाखेला पाचारण झाले.

दोन दिवस मी त्यावर बसले. आमच्या पुस्तकात लिहिले आहे, की वस्तू होती त्या स्थितीला परत आणण्याचा खर्च तो महसुली आणि तिची कमाईची क्षमता वाढवणारा तो भांडवली. परीक्षेत आम्ही यावर पाच गुणांचे उत्तर लिहितो. इथे प्रश्न असा होता, की चाळीस अश्वशक्तींनी मामाच्या गाडीची कमाईची क्षमता वाढते काय? भाडे किलोमीटरवर मिळते, अश्वशक्तीवर नाही. बसणारी माणसे तीच सात. वेगाला रस्त्याची आणि कायद्याची मर्यादा. उलट, टर्बोचे भाग बाहेरून यायला आणखी तीन आठवडे लागणार, म्हणजे उरलीसुरली लग्नसराई हातची जाणार. दुसरे कर्ज काढायचे तर पाटल्यांनी भागणार नव्हते, मामीच्या गळ्यातले द्यावे लागले असते. हप्त्यात ५,१७८ रुपयांची भर पडून तो बारा हजारांवर गेला असता.

यंत्राच्या बाजूनेही उस्तादांनी चार गोष्टी सांगितल्या. हवा आणि डिझेल वाढवले की धुराड्यातली उष्णता वाढते. तो ताप पिस्टनच्या माथ्याला आणि हेड गॅस्केटला सोसावा लागतो. टर्बो मोठा घेतला तर तो फिरायला वेळ लावतो, आणि गावातल्या गर्दीत गाडी उलट आळशी वाटते. त्यातून बऱ्हाणपूरचा उन्हाळा. पंचेचाळीस अंशांची हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा शेकडा सहाने विरळ असते. म्हणजे निसर्गच आधी कपात करून घेतो. "कंपनीने आत काय काय बदलून दोन ताकदी केल्या, ते आपण उघडून पाहिलं आहे का?" एवढेच त्यांनी दादाला विचारले.

कायद्याचे कलम मी शोधले. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते, की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. भाड्याची गाडी, परमिटची गाडी. उद्या अपघात झाला आणि विम्याने हात वर केले तर? मी हे सारे एका पानावर लिहून मामापुढे ठेवले. मामाने ते वाचले, घडी केली आणि दादाकडे दिले. दादा उठून बाहेर गेला.

त्या रात्री गच्चीवर तो माझ्याशी बोलला. तेव्हा मला कळले, की माझ्या हिशोबातला एक रकाना रिकामाच होता, कारण ती रक्कम मला कोणी सांगितली नव्हती. पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजात त्याला काम मिळण्याची आशा होती. पण तिथे "तू स्वतः काय केलं आहेस ते दाखव" असे विचारतात. ही गाडी त्याचा नमुना होणार होती. "अप्पांच्या लेखी हा गाडीवरचा खर्च आहे. माझ्या लेखी तो शिक्षणाचा आहे. तुला कॉलेजात घातलं तेव्हा आत्याने काय परतावा मोजला होता?" तो म्हणाला.

याला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते. माणसावर केलेला खर्च ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला मांडावा हे कुठल्याच पाठात सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, गॅरेज बंद. उस्तादांनीच आम्हा दोघांना कुंडी भंडारा दाखवायला नेले. गावाबाहेर जमिनीखालून जाणारी ही पाण्याची व्यवस्था १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तब्कुतुल अर्ज या फारसी जाणकाराने उभारली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून, नुसत्या उतारावर गावाकडे आणलेले. वर शंभराहून अधिक कुंड्या, हवा आणि उजेड यांसाठी. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचे नाव लागले. आम्ही खाली उतरलो. गुडघाभर गार पाणी, भिंतीवर चुन्याचे पांढरे थर, आणि बाहेरच्या भट्टीची आठवणही राहू नये असा थंडावा.

"कहीं पंप दिखा?" उस्तादांनी विचारले. दादाने मान हलवली. "पानी को किसी ने धक्का नहीं मारा। रास्ता साफ रखा, बस।"

उस्ताद उपदेश करणारे गृहस्थ नव्हेत. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. पण शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःचा टॉर्क पाना दादाच्या हाती दिला आणि म्हणाले, "हे इंजिन तू बांध. मी हात लावणार नाही. एकेक माप लिहून ठेव, खाली सही कर."

पुढचे दिवस मी लेखनिक होते. दादा प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजायचा आणि मला आकडा सांगायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून तो रिंग परत काढायचा, घासायचा, पुन्हा मोजायचा. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. पाना खट्ट वाजला की मी खूण करायची. चाळीस पानी वही भरली.

आणि शेवटी तो जोडणीची चाचणी घेत असताना खरा चोर सापडला. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीत थोडी दाबाची हवा भरून दादाने साबणाचे पाणी सोडले, तर क्लिपखाली फुगे आले. तिथे एक चीर होती, दाब आला की उघडणारी आणि एरवी मिटून राहणारी. दाबलेली हवा तिथून पळून जाई. हवा कमी म्हणून डिझेल अर्धवट जळे, म्हणून काळा धूर. तूट भरून काढायला टर्बो अधिक जोराने फिरे, आणि तेल आधीच जुने. सगळी साखळी त्या बोटभर चिरेपासून सुरू झाली होती. उस्ताद बराच वेळ त्या फुग्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मला दिसलं नव्हतं."

मामाने त्याच क्षणी खिशात हात घातला. दादाच्या पसंतीच्या भक्कम नळ्या ४,५०० ला आणि हवेचा दाब दाखवणारा काटा २,५०० ला घेतला. एकूण खर्च १,६२,०००. हाती होते १,६५,०००. तीन हजार उरले, त्यातून मावा जिलेबी आली आणि बाकीचे मामीकडे गेले.

नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जपून चालवावे लागते. रिंगा आणि लायनर यांची एकमेकांशी ओळख व्हायची असते. दादाला ते दिवस फार कठीण गेले. आमच्या गल्लीतल्या कन्नड आज्जी म्हणतात, 'ताळिदवनु बाळियानु', सोसणारा टिकतो. मी त्याला ते शिकवले, तर तो दोन दिवस चुकीच्या उच्चारात तेच म्हणत गाडी चालवत होता. हजार किलोमीटर झाल्यावर तेल बदलले आणि आम्ही अशीरगडचा चढ चढलो. चौथ्या गिअरमध्ये नव्हे, तिसऱ्यातच. पण धूर नव्हता, आणि काटा आपल्या जागी स्थिर होता. दादा काट्याकडे पाहत होता आणि मामा दादाकडे.

आता राहिला ताळेबंद. मामाची गाडी महिन्याला साधारण चार हजार किलोमीटर धावते. पूर्वी ती लिटरला नऊ किलोमीटर देई, आता अकरा देते. त्या वेळच्या ९२ रुपये भावाने महिन्याला सुमारे ७,४०० रुपयांचे डिझेल वाचते. पाटल्यांचा हप्ता आहे ७,०६१. म्हणजे चिरेतून पळणारी हवाच आता हप्ता भरते आहे. हे मी मामीला फोनवर समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "हवेचं मला कळत नाही बाई, पण महिनाअखेरीस मामा आता शांत झोपतात." आठ हप्ते फिटले, सोळा राहिले. पाटल्या अजून घरी आलेल्या नाहीत.

दादा दिवाळीनंतर पुण्याला गेला. एकशेसाठ अश्वशक्तीची गाडी त्याच्याजवळ दाखवायला नव्हती. त्याने ती चाळीस पानी वही दाखवली, माझ्या अक्षरातली, त्याच्या सहीची. मालकाने ती उभ्याउभ्या चाळली, मग बसून वाचली, आणि त्याला तीन महिने ठेवून पाहू म्हणाला. पुढे काय होईल ते अजून ठरायचे आहे. बऱ्हाणपूरच्या गॅरेजात त्याचा पाना खुंटीला टांगलेला आहे आणि उस्ताद तो दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाहीत, असे मामा सांगतो.